बेंचवरची जागा

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. त्याआधी माझा चहा झालेला असतो आणि मोबाइल हातात असतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हीच माझी पूजा. निर्देशांक हिरवा दिसला की देशाचं बरं चाललंय, असं मी धरून चालायचो. देशाचं बरं चाललंय, मग पुतण्याचं का नाही? त्याचंच काहीतरी चुकत असणार. इतका सरळ हिशोब.

पुतण्या 2022 साली इंजिनिअर झाला. कॅम्पसमधूनच एका मध्यम आकाराच्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर मिळालं, वहिनींनी सोसायटीभर पेढे वाटले. मग जॉइनिंगची तारीख पुढे गेली. पुन्हा गेली. तो रोज मेल उघडून बघायचा आणि अधूनमधून हिंजवडीला वॉक-इनच्या रांगेत उभा राहून यायचा, सॅकमध्ये बायोडेटाच्या झेरॉक्स घेऊन. इकडे सेन्सेक्स वर्षभरात 59 हजारांवरून 73 हजारांवर गेलेला. मी त्याला, तेही वहिनींसमोर, म्हणालो, "बाजार एवढा तेजीत असताना नोकऱ्या नाहीत असं कसं होईल रे? मुलाखतीत बोलतोस तरी काय?" तो गप्प बसला. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

एप्रिल 2024. तिमाही निकालांचे दिवस. त्याच्या त्या कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे होते. संध्याकाळी तो आला असताना मी हौसेनं मोठ्यानं वाचलं : नफ्याचं प्रमाण सुधारलं, युटिलायझेशन वाढलं. "बघ, तुझी कंपनी कशी कामाला लागलीय!"

तो सॅकची चेन लावत होता. मान वर न करताच म्हणाला, "काका, युटिलायझेशन वाढलं म्हणजे बेंच रिकामा केला. प्रोजेक्ट नसलेली माणसं बसवून ठेवतात ना, तो बेंच. मी तिथंच बसणार होतो."

आवाजात राग नव्हता. बँकेत नव्या कारकुनाला मी व्हाउचर समजावायचो, तसा तो मला समजावत होता.

आणि हे काही एकाच कंपनीचं नव्हतं. नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघींची मिळून 63 हजारांहून जास्त माणसं कमी झाली. आकडे निकालांसोबतच छापून आले होते. मी ते वाचलेही होते. वाचून पुढे सरकलो, कारण खाली लाभांशाची ओळ होती. पगाराचा खर्च घटला की नफा वाढतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. ताळेबंद वाचण्यात उभी हयात गेली. फक्त त्या खर्चाला आमच्या घरचं आडनाव असू शकतं, हे सुचलं नाही. तो बोलला नसता तर आजही सुचलं नसतं.

शेअर मी विकले नाहीत, खोटं कशाला सांगू? सव्वानऊचा मोबाइलही सुटलेला नाही. माफी मागायचीही राहूनच गेली.

दिवाळीच्या आधी तो वाकडच्या एका छोट्या कंपनीत लागला, ऑफर लेटरमधल्या आकड्यापेक्षा कमी पगारावर. पेढे घेऊन आला तेव्हा 'कंपनी लिस्टेड आहे का रे?' हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. मी पेढा तोंडात टाकला.