लिटर, ग्रॅम आणि हाताचा अंदाज

जुरोंग आयलंडवर कोणी राहत नाही. सिंगापूरच्या नैऋत्येची सात छोटी बेटं मधल्या समुद्रात भर टाकून जोडली गेली आणि १४ ऑक्टोबर २००० रोजी तिथल्या रासायनिक वसाहतीचं रीतसर उद्घाटन झालं. आज या बेटाचा पसारा सुमारे ३,००० हेक्टर आहे. २००१ पासून ते संरक्षित क्षेत्र असल्यामुळे पास असल्याखेरीज आत जाता येत नाही. मी तिथल्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे. त्याआधी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत होतो. कॉस्टिक सोडा दोन्हीकडे रोजच्या कामातला. त्याची लाइन उघडायची तर आधी परमिट लागतं, चेहऱ्यावर शील्ड, कोपरापर्यंत हातमोजे, आणि दहा सेकंदांत गाठता येईल इतक्या जवळ डोळे धुण्याचा नळ. नव्या मुलांना हे सगळं मीच शिकवतो.

म्हणूनच घरी साबण करताना मी जे केलं ते स्पष्ट लिहायला हवं. यातल्या बहुतेक चुका अज्ञानातून झाल्या नाहीत. घराच्या ओट्यापाशी उभं राहिलं की आपण स्वयंपाकच करतोय असं वाटतं, आणि स्वयंपाकात सावधगिरीचे नियम आपण सैल सोडतो. मीही सोडले.

साबणाकडे मी वळलो तो निव्वळ आनंदासाठी. कारखान्यात पदार्थ पाइपांतून वाहतो, तो दिसत नाही. दिसतात ते पडद्यावरचे आकडे. घरी तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवला की काही मिनिटांत मिश्रण पातळ पिठल्यासारखं दाट होतं. आपण विद्यार्थिदशेत फळ्यावर लिहिलेली प्रक्रिया डोळ्यांसमोर घडते. दुसऱ्या दिवशी साचा सोडवून वड्या पाडताना सुरी जी सरळ, गुळगुळीत उतरते, त्या क्षणासाठी मी अजूनही शनिवारची सकाळ राखून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक हिशेबाची नव्हती. कॉस्टिक पाण्यात विरघळताना पाणी तापून ८० अंशांच्या वर जातं, त्यामुळे ते निवू द्यावं लागतं. मी ते द्रावण काचेच्या जगमध्ये केलं आणि ओट्यावर, खिडकीपाशी ठेवून दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत बसलो. त्याच जगमध्ये आमच्याकडे एरवी कोकम सरबत करतात. निवलेलं कॉस्टिकचं द्रावण पाण्याइतकंच स्वच्छ दिसतं, त्याला वास नसतो. मुलगी शाळेतून आली, घामाघूम, आणि तिने पेला काढला. बायकोने हाक मारून तिला थांबवलं. ते द्रावण एक घोट गेलं असतं तर अन्ननलिका भाजली असती, आणि तसं भाजणं आयुष्यभर पुरतं. कारखान्यात खूणचिठ्ठी नसलेली बाटली दिसली तर मी काम थांबवतो. घरी मी स्वतःच तशी बाटली मांडून ठेवली होती.

बायको त्या संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली, "तुझ्या प्लँटवर हे चाललं असतं का?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

काचेचा जग वापरणं हीदेखील वेगळी चूक होती. कॉस्टिक काचेला हळूहळू खातं, आणि एकदम तापल्याने ती तडकू शकते. आता त्यासाठी जाड पॉलिप्रॉपिलीनचा झाकणाचा जग आहे, ज्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा आहे. त्यावर लाल पट्टी आहे आणि तो साबणाखेरीज कशालाही वापरायचा नाही. पातेलं स्टीलचंच. अ‍ॅल्युमिनियम किंवा हिंडालियमचं भांडं चालत नाही, कारण त्यावर कॉस्टिकची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. अंगावर उडालं तर वाहतं पाणी, किमान पंधरा मिनिटं. लिंबू किंवा व्हिनेगर नाही. आणि द्रावण निवेपर्यंत त्याच्यापाशी कोणीतरी मोठं माणूस उभं. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

हिशेबाची चूक दिसायला किरकोळ, पण ती शेजाऱ्यांपर्यंत पोचली. खोबरेल तेलाची एक लिटरची बाटली आणली होती. एक ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. मी लिटर म्हणजे १,००० ग्रॅम धरलं, १८३ ग्रॅम काढलं, थोडं तेल शिल्लक राहावं म्हणून त्यातून पाच टक्के कमी केलं आणि १७४ ग्रॅम घातलं. पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खोबरेल तेल भरतं साधारण ९२० ग्रॅम, आणि त्याला पुरतं १६८. म्हणजे तेल शिल्लक राहण्याऐवजी सहा ग्रॅम कॉस्टिक उरलं. भारतात तेलाच्या पिशवीवर लिटरच्या शेजारी ग्रॅमही छापलेले असतात. लहानपणापासून ते वाचत आलो आणि त्यांचा विचार कधी केला नाही.

वड्या पांढऱ्याशुभ्र, टणक झाल्या. त्या नीट वाळायच्या आतच मी शेजारच्या मलय आजींना एक नेऊन दिली. दोन दिवसांनी त्यांनी हात दाखवले. कातडी लाल, ओढलेली, बोटांच्या पेरांवर भेगा. त्या रागावल्या नाहीत, उलट मलाच समजावत होत्या. मी वडी परत घेतली, माफी मागितली आणि डॉक्टरकडे चला म्हणालो. घरी येऊन उरलेली वडी ओली करून तिच्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला, तर गडद गुलाबी. हा थेंब आधी टाकायला मला कोणी अडवलं नव्हतं.

त्यानंतर मी घाबरलो, आणि भीतीपोटी पुढची चूक केली. कॉस्टिक इतकं कमी केलं की पंधरा टक्के तेल तसंच राहिलं, आणि तेही सूर्यफुलाचं. सिंगापूरच्या दमट हवेत ते टिकत नाही. वड्यांवर नारिंगी ठिपके उठले, खवट वास कपाटभर पसरला. शिवाय साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे वड्यांना घाम सुटत होता, आणि मी त्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून ठेवल्या होत्या. आता त्या जाळीवर, पंख्याच्या वाऱ्यात, एकमेकींना न चिकटता सहा आठवडे राहतात. प्रत्येक तेल वजनकाट्यावर मोजलं जातं, कॉस्टिकसाठी वेगळा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आहे, आणि आकडे आधी वहीत लिहून बायकोकडून तपासून घेतो.

वजनकाट्यावर असा विश्वास बसल्यावर मी तो चकलीवर लादला. ही चूक मला साबणाइतकीच लागते, कारण ती आईच्या बाबतीत झाली. ती दिवाळीला चिपळूणहून आली होती, भाजणी घेऊन. मी म्हणालो, भाजणी, मोहन, पाणी सगळं ग्रॅममध्ये लिहून ठेवू, म्हणजे तू नसतानाही जमेल. तिने मागच्या वर्षीचं माप अंदाजाने सांगितलं, मी ते काट्यावर बसवलं आणि तिला पीठ भिजवू दिलं नाही. पीठ सैल झालं. सोऱ्यातून चकली पडली, पण काटे आले नाहीत आणि पहिला घाणा तेलात तुटला. तिने हात घालून पाहिलं. "अरे, इथल्या हवेत भाजणीने आधीच ओल धरलीय. तिला तेवढं पाणी कशाला?" मी तरीही आकडे दाखवत राहिलो, आवाज चढवून. ती सोऱ्या ठेवून बाहेर जाऊन बसली.

कॉस्टिकला किती तेल लागणार हे ठरलेलं आहे. ते चिपळूणला आणि जुरोंगला सारखंच. पिठात आधीच किती ओल आहे हे रोज बदलतं, आणि ते माझ्या काट्याला कळत नाही, तिच्या बोटांना कळतं. एवढं समजायला मला रात्र लागली. सकाळी तिला परत ओट्यापाशी बोलावलं. पाण्याचा आकडा मी वहीतून खोडला, मोहनाचा तिनेच राहू दिला; ते जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, तिथे माप बरं, असं तिचं म्हणणं.

शेवटच्या घाण्यानंतर उरलेलं तळणीचं तेल आम्ही गाळून, वजन करून साबणाला वापरतो. त्याला चकलीचा मंद वास राहतो, पण भांडी स्वच्छ निघतात. ती वडी शेजारच्या आजींकडे जात नाही. त्यांना दिवाळीला देतो ती खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाची, सहा आठवडे वाळलेली आणि आधी आम्ही घरात वापरून पाहिलेली.