सोन्याच्या हरणामागून

पाहुणे आले की त्यांना पंचवटी दाखवणे हे आम्हां नाशिककरांच्या कपाळी लिहिलेलेच असते. काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, तपोवन ही प्रदक्षिणा वर्षातून चार वेळा तरी माझ्या पायांखालून जाते. पाहुण्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. पर्णकुटी कुठे होती? रावण भिक्षेला कुठे उभा राहिला? लक्ष्मणाने रेषा ओढली ती जागा कोणती? (ही रेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, असे सांगण्याची खोड मला पेशामुळे लागली आहे. ते सांगितले की पाहुण्यांचा चेहरा उतरतो आणि आमच्या सौभाग्यवती मला कोपराने ढोसतात.) पण राम त्या हरणामागे कोणत्या वाटेने गेला आणि किती लांब गेला, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेले नाही. वास्तविक सारे रामायण वळले ते त्या वाटेवर.

आरण्यकांडातली ही मृगया सावकाश वाचण्यासारखी आहे. फुले वेचताना सीतेला ते हरीण दिसते. आपल्या बायकांच्या गाण्यांत तिला त्याच्या कातड्याची चोळी हवी असते. वाल्मीकींची सीता आधी ते जिवंतच आणायला सांगते, आणि ते नाहीच जमले तर बसायला त्याचे कातडे तरी हवे म्हणते. लक्ष्मण मात्र तिथल्या तिथे सांगून टाकतो, की असले रत्नजडित हरीण पृथ्वीच्या पाठीवर नसते, हा मारीच आहे. रामालाही शंका येते, पण मारीच असला तर त्याला मारायलाच हवे, असे तो स्वतःला समजावतो. जाताना सीतेला तो लक्ष्मणाच्या आणि जटायूच्या हवाली करतो. म्हणजे निष्काळजीपणा म्हणाल तर तोही नाही. खबरदारी सगळी घेतलेली आणि सल्लाही वेळेवर मिळालेला. तरी ते हरीण कधी दिसते, कधी लपते आणि रामाला आश्रमापासून दूर दूर नेते. शेवटी बाण लागतो, आणि मारीच रामाच्याच आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारतो. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

मला मौज वाटते ती मारीचाची. त्याआधीही एकदा तो हरणाच्या रूपाने रामाच्या वाटेला गेलेला असतो. बरोबरचे दोघे मरतात, हा कसाबसा निसटतो. तेव्हापासून 'र' या अक्षराने सुरू होणारे रत्न, रथ असले शब्द ऐकले तरी आपल्याला धडकी भरते, असे तो रावणाला सांगतो. शिकार झालेल्याच्या मनात शिरणारे इतके जुने पान माझ्या वाचनात तरी दुसरे नाही.

तर ही वाट कुठवर जाते ते पाहावे, म्हणून गेल्या कार्तिकात आम्ही उभयता नांदूर मध्यमेश्वरला निघालो. नाशिकहून हे चाळीसेक किलोमीटर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा आहे, आणि त्याच्या फुगवट्यात हिवाळ्यात इतके पक्षी उतरतात की २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून या पाणथळीची नोंद झाली. (इथला 'राम' इराणातल्या रामसर गावाचा, आपल्या रामाचा नव्हे; पण गावात हे समजावून सांगण्याच्या भरीला मी पडलो नाही.) मध्यमेश्वर नदीच्या पात्रात आहे, आणि जवळच मृगव्याधेश्वराचे देऊळ. मृगाचा व्याध झालेल्या रामाने हरणाला बाण मारला तो इथे, असे लोक सांगतात. पंचवटीपासून इथवर धावत यायचे म्हणजे रामाला सबंध दिवस लागला असेल, अशी शंका सौ.नी काढली. मी म्हटले, ''हरणामागे लागलेल्याला अंतर कळत नाही, हीच तर गोष्ट आहे.''

देवळाच्या पायरीवर पाणकावळे मोजत बसलो असताना मनात आले, की आपल्या पुराणांतून शिकारीच्या गोष्टी वेचल्या तर ती पराक्रमाची पोथी होत नाही, अपघातांची होते. दशरथ शरयूच्या काठी रात्री टपून बसला. पाण्यात घडा बुडल्याचा आवाज झाला, त्याला तो हत्तीचा वाटला आणि त्याने शब्दवेधी बाण सोडला. तो लागला आंधळ्या आईबापांच्या मुलाला. आपण त्याला श्रावण म्हणतो. पंडूने हरणांच्या जोडीवर बाण टाकले; हरणाचे रूप घेतलेला तो किंदम ऋषी निघाला. यादवी संपल्यावर झाडाखाली पहुडलेला श्रीकृष्ण जरा नावाच्या व्याधाला हरणासारखा दिसला. तिघांच्याही नेमात खोट नव्हती. बाण जिथे सोडला तिथेच लागला. चुकले ते त्याआधीचे: तिथे काय आहे हे डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच मनाने ठरवून टाकले होते.

या विचाराला दुजोरा मिळाला तो आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध वकिलांकडून. त्यांच्या वडिलांकडे पूर्वी शिकारीचा परवाना होता. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यानंतरही काही वर्षे असे परवाने मिळत. येवला, नांदगावकडच्या माळावर काळविटाच्या मागे जायचे ते बैलगाडीतून. माणूस दिसला की कळप उधळतो, गाडीला मात्र तो सरावलेला असतो. वकीलसाहेब तेव्हा शाळकरी. गाडीत बसण्याआधी वडील त्यांच्याकडून नियम म्हणून घेत, संध्याकाळी शुभंकरोति म्हणवतात तसे. बंदूक रिकामी असली तरी ती भरलेलीच आहे असे धरायचे. नळी माणसाकडे किंवा बैलाकडे वळवायची नाही. गाडीत चढताना, कुंपण ओलांडताना काडतूस बाहेर. जनावर पुरते दिसेपर्यंत चापाला बोट लावायचे नाही. ज्वारी हलली, झुडपात खसफसले, एवढ्यावर बार काढायचा नाही.

''आणि एक विसरत होतो,'' वकीलसाहेब म्हणाले, ''हरणाकडे सगळेच बघतात. हरणाच्या मागे काय आहे ते बघायचं.''

हे वाक्य मी घरी येऊन वहीत टिपून ठेवले. माळ सपाट असतो. डोंगराच्या उतारावर गोळी चुकली तरी मातीत रुतते. माळावर ती अडत नाही. रायफलीची असेल तर मैलाच्याही पलीकडे जाते, आणि पलीकडे मेंढपाळ असतो, किंवा बाजरी खुडणाऱ्या बाया असतात. वडिलांनी किती काळविटे मारली, हे वकीलसाहेबांना आठवत नाही. पण धनगराची काठी क्षितिजावर दिसली म्हणून खाली केलेली बंदूक त्यांना आठवते. त्या दिवशी घरी रिकाम्या हाताने आले म्हणून वडील मुळीच हिरमुसले नव्हते म्हणे.

हे सारे कालबाह्य झाले असे वाटत असेल, तर पलीकडच्या पालघर जिल्ह्याकडे पाहा. २०२५ च्या जानेवारीत मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. रानात त्यांची पांगापांग झाली. आपल्यातलाच एक जण डुक्कर समजून गोळीला बळी पडला. बरोबरच्यांनी भीतीने पोलिसांना कळवले नाही, प्रेत झाडीत लपवले. शरयूकाठचा दशरथ निदान घडा हातात घेऊन त्या म्हाताऱ्या आईबापांपुढे जाऊन उभा राहिला होता. चोरून केलेल्या शिकारीत तेवढेही उरत नाही. दवाखाना लांब राहतो, कारण दवाखान्यात नेले की चौकशी होते. रानडुकरासाठी तारेत विजेचा प्रवाह सोडून ठेवतात, त्याचीही तीच गत. ती तार तर डोळे असून आंधळी. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी तिला डुकराहून वेगळा दिसत नाही.

जिथे ही शिकार आजही रीतसर चालते तिथे काय करतात? माझा एक विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. तिथे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम असतो, आणि रानात शिरणाऱ्या शिकाऱ्याने भडक नारिंगी कपडे घालण्याची कायद्याने सक्ती आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. गंमत अशी, की हरणाला हा नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, माणसाला मात्र लांबूनही दिसतो. त्या दिवसांत कुत्र्याला फिरवायला निघाला तरी माझा विद्यार्थी नारिंगी टोपी घालतो. आपण माणूस आहोत हे दुरून कळावे, एवढ्यासाठी टोपी!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा दरवाजा सगळ्याच वन्य प्राण्यांसाठी बंद झाला. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे; फासा लावणे, पकडणे, हाका घालून पिटाळणे हेही शिकारच. मला हे योग्य वाटते. वकीलसाहेबांनाही वाटते, हे विशेष.

मग बैलगाडीपुढून पळणाऱ्या त्या कळपांचे पुढे काय झाले, ते पाहायला आम्ही पुन्हा एकदा बाहेर पडलो. निफाड, विंचूर करीत येवला गाठले. पैठणीच्या दुकानांपुढून गाडी न थांबवता नेणे हा या प्रवासातला सर्वांत धाडसाचा भाग होता, आणि तो मला साधला नाही. तासाभराने पुढे निघालो. येवल्याच्या ईशान्येला ममदापूर, राजापूर या गावांच्या परिसरात सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. खुरटे गवत, मुरमाड टेकाडे, मध्येच कांद्याचे आणि मक्याचे तुकडे. काळविटे दिसायला फार वेळ लागला नाही. नर काळाभोर, पोटाशी पांढरा, पिळाची शिंगे, माद्या बदामी. शास्त्राच्या हिशेबाने हे सारंगकुळातले हरीण नव्हेच, कारण त्याची शिंगे दरवर्षी गळत नाहीत, जन्मभराची असतात. पण माळावर उभे राहून हे सौ.ना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या लेखी ते सोन्याचे हरीण होते, आणि चारच्या उन्हात माद्या तशाच दिसत होत्या.

आम्हाला माळ दाखवायला एक शेतकरी दादा बरोबर आले होते. ते आम्हाला कळपाकडे न नेता आधी विहिरीकडे घेऊन गेले. चांगली पन्नास-साठ फूट खोल, जमिनीच्या बरोबरीने तोंड, कठडा नाही. ''साहेब, बंदूकवाले गेले,'' ते म्हणाले, ''आता हरणाला मारती ती ही.'' उन्हाळ्यात माळावरचे पाणी आटते. वन खात्याने पाणवठे केले आहेत, तरी कळप पाण्यासाठी वस्तीकडे सरकतो. मग गावची कुत्री मागे लागतात. वाऱ्याशी शर्यत लावणारे हे जनावर उधळले की पुढचे पाहत नाही, आणि पिकाआडची विहीर त्याला दिसते ती पाय सुटल्यावर.

अशा वेळी काय करायचे तेही दादांनी सांगितले. पहिली गोष्ट, गर्दी हटवायची. हरीण जखमेने मरते तसे धास्तीनेही मरते. दमछाक झालेले जनावर बाहेर काढल्यावर, एक ओरखडा नसतानाही, हातात जीव सोडते. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. आपण होऊन दोर टाकून खेचाखेची करायची नाही; त्यात उतरणाराच बुडाल्याची भीती जास्त. जाळीतून वर काढले की आधी डोळ्यांवर फडके टाकायचे. अंधार झाला की ते निवते. मग पाणी पाजायच्या, कुरवाळायच्या, फोटो काढायच्या भानगडीत न पडता पशुवैद्याच्या ताब्यात द्यायचे.

''तुम्ही कठडा का नाही बांधत?'' सौ.नी विचारले.

''बांधायचा हाय, ताई. कांद्याचं पैसं आलं की.''

दोन वर्षे कांद्याने पैसे दिले नव्हते. त्याच कांद्याची रोपे काळवीट खाऊन जाते, हेही त्यांनी सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, घरातल्या नाठाळ पोराविषयी सांगावे तसे. तोवर त्यांनी विहिरीभोवती बाभळीच्या काट्याकुट्यांची वई घातली होती. एका बाजूला ती विस्कटली होती. बोलता बोलता ते खाली वाकले आणि फांद्या ओढून सारख्या करू लागले. मीही दोन फांद्या धरल्या. हाताला काटे लागले, त्यावर सौ.नी पदराच्या टोकाने फुंकर घातली. ''मास्तर, बुडखा आत, शेंडा भाईर ठेवा,'' दादा म्हणाले, ''न्हाईतर मोटारीच्या पाईपात अडकतंय.''

निघताना दिवस मावळला होता. दादांनी गाडीवानाला, म्हणजे आमच्या टॅक्सीच्या चालकाला, बजावले: दिवे खाली पाड, हरीण आडवे आले तर चाक वळवू नको, वेग कमी कर, आणि एक गेले म्हणून लगेच निघू नको. राजापूरच्या अलीकडे खरोखरच एक मादी रस्ता ओलांडून गेली. चालकाचा पाय पुन्हा वेगाकडे जाऊ लागला, तेवढ्यात सौ. म्हणाल्या, ''थांब रे, बाकीची यायचीत.'' आम्ही थांबलो. मागच्या ट्रकवाल्याने दोनदा कर्णा वाजवला. मग कडेच्या गवतातून दुसरी आली, तिच्यामागून दोन पाडसे, आणि बऱ्याच वेळाने, कोणाचीच घाई नसल्यासारखा, तो काळा नर.