जीवांची वंशावळ

कुळाचा अभिमान कोणास नसतो? पण सात पिढ्यांपलीकडे नांवें सांगतां येत नाहींत. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ ब्लेअर हेजेस, सुधीर कुमार व सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'टाइमट्री' संग्रहांत मात्र जीवांचे फांटे केव्हां फुटले, हें अनेक शोधनिबंधांतून वेंचून नोंदलें आहे. डीएनएमधील फरक मोजावयाचा व जीवाश्मांच्या वयाशीं ताडून पाहावयाचा, ही त्याची रीत. २०२२ च्या आवृत्तींत १,३७,००० हून अधिक जाति आहेत. चिंपांझीची व आपली वाट सुमारें ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वीं, तर कोंबडीची व आपली सुमारें ३२ कोटि वर्षांपूर्वीं निराळी झाली. कोणी म्हणतात, यानें श्रद्धा डळमळते. मला तर उलट वाटतें. अंगणांतील कोंबडीहि आपली दूरची आप्त ठरते. मग शेजारचा माणूस परका कसा?