मिसेसची गाडी, मिस्टरांचं इंजिन

‘पात्रांव, मिसेससाठी गाडी बघतोय. ऑटोमॅटिक, पेट्रोल, साधीशी सुचव.’ गोव्यातल्या आमोण्यात गॅरेज टाकल्यापासून ही फर्माईश मी ऐकत आलोय. हाच गृहस्थ स्वतःसाठी गाडी घेताना विचारतो, ‘पिकअप कसा आहे? डिझेलला ओढ आहे ना?’ जणू नवेलीच्या रस्त्यावर पुढचा ट्रक ओलांडायची वेळ मिसेसवर कधी येतच नाही.

डिझेलचा हा मान आमच्या खाणपट्ट्यात समजण्यासारखा आहे. डिचोली तालुक्यात कित्येक घरं खनिजाच्या ट्रकांवर उभी राहिली. जड क्लच, हाताला हिसका देणारा गिअर आणि धुराचा वास म्हणजे घरचा कर्ता पुरुष. २०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रक दारात गंजले, पण डिझेलचा रुबाब उतरला नाही.

स्पोर्टी गाड्यांच्या बाबतीत तर ही समजूत फारच मजेदार होते. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनणारी फोक्सवॅगन पोलो घ्या. तिच्या जीटी रूपात २०१३ पासून दोन इंजिनं मिळू लागली. टीडीआय म्हणजे १.६ लिटरचं डिझेल, हाताने गिअर टाकायचे. टीएसआय म्हणजे १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, सात गिअरांचं ऑटोमॅटिक. ताकद दोन्हींची सारखीच, १०५ अश्वशक्ती. डिझेलचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, पेट्रोलचा १७५. त्यामुळे डिझेल खालून जोरात ढकलतं, यात वाद नाही. पण आमच्याकडे ‘टीडीआय पोरांची, टीएसआय बायकांची’ हा निकाल टॉर्कचा आकडा बघून लागलेला नव्हता. क्लचचं पेडल नाही, एवढ्यावरून लागला होता. प्रत्यक्षात त्या ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच असतात. एका क्लचवर गाडी धावत असते तेव्हा पुढचा गिअर दुसऱ्यावर तयार ठेवलेला असतो. मग बदल इतक्या झटपट होतो की कितीही मर्दानी मनगट असलं तरी त्याला ते साधणार नाही.

सोयीची वस्तू आधी बायकांच्या गळ्यात बांधायची खोड जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत विजेवरची मोटार ‘बायकांची’ मानली जाई. हँडल मारायला नको, धूर नाही, आवाज नाही. पेट्रोल गाड्यांवर साम्राज्य उभारणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बटणावर सुरू होणारा स्टार्टर आला आणि हँडल मारताना मनगट मोडून घेणाऱ्या पुरुषांनी तो बिनतक्रार स्वीकारला. आपल्याकडे १९८४ ला कायनेटिक होंडा आली, बिनगिअरची, सेल्फ-स्टार्ट. चेतक तिरकी करून किका मारणाऱ्यांनी तिला नाकं मुरडली. आज त्यांचीच मुलं बिनगिअरच्या स्कूटरवर पणजीला कामाला जातात, आणि त्याबद्दल कुणी हसत नाही.

या विषयातला माझा आवडता किस्सा मात्र मस्टँगचा. फोर्डने १९६४ च्या एप्रिलमध्ये ही गाडी आणली. दिसायला सगळ्या सारख्याच झोकदार, पण बॉनेटखाली स्वस्त सहा सिलिंडर किंवा दणकट व्ही-८, तुमची निवड. सहा सिलिंडरवाली लवकरच ‘सेक्रेटरीची गाडी’ म्हणून हिणवली जाऊ लागली. १९६६ साली तर कंपनीनेच सहा सिलिंडरची जाहिरात अविवाहित तरुणींना उद्देशून केली. आता गंमत बघा. गाडी अधिकृतपणे बाजारात यायच्या दोन दिवस आधी, १५ एप्रिलला, शिकागोजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बावीस वर्षांच्या गेल वाइज यांनी आकाशी रंगाची मस्टँग विकत घेतली. मस्टँगच्या अमेरिकेतल्या पहिल्या गिऱ्हाईक म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या गाडीचं इंजिन? व्ही-८! जाहिरात लिहिणाऱ्यांनी आधी आपली विक्रीची वही चाळायला हवी होती.

बाईसाठी म्हणून गाडीत खरंच काय तपासायला हवं, हे मला कुणी विचारत नाही. पायाची लांबी क्लच-ब्रेकला पुरते का, सीट वर उचलता येते का, पट्टा गळ्याला तर घासत नाही ना? उंच-सखल करता येणारी सीट अनेक कंपन्या वरच्या मॉडेललाच देतात, आणि बायकोसाठी म्हणून माणूस घेतो खालचं मॉडेल. अपघाताच्या चाचणीत बसवायचा पुतळासुद्धा वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचा. बाईचा म्हणून जो वापरत, तो बहुधा त्याचीच लहान केलेली, अगदी बारीक चणीची आवृत्ती. सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा स्वीडनमधल्या ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने जगापुढे आणला तो २०२२ साली.

म्हणून ‘मिसेससाठी’ म्हटलं की मी इंजिनाचं बोलणं बाजूला ठेवतो आणि सांगतो, आधी त्यांना घेऊन ये, गाडीत बसू दे. ‘येतील मागाहून,’ असं म्हणत गिऱ्हाईक मोबाइल काढतं आणि रंग दाखवायला लागतं.