यंत्र शेवटी निवडायचं

१८ जानेवारी, मॅडिसन, विस्कॉन्सिन
ब्राउनिंगची स्वीट सिक्स्टीन आता रीतसर माझ्या नावावर आहे. ऑटो-५ बंदुकीची ही १६ गेजची हलकी आवृत्ती १९३७ मध्ये आली. माझी महायुद्धानंतरची, बेल्जियममध्ये घडलेली. खांद्याला लावली की आपोआप लक्ष्याकडे वळते.

दुकानात मात्र १२ गेजच्या काडतुसांनी भिंत भरलेली आणि १६ गेजचे मोजके खोके. तेही फेझंटच्या शिकारीसाठीचे, जोरदार. मला हव्यात क्लबात तबकड्या फोडायला हलक्या गोळ्या. त्या घरी भराव्या लागणार. स्वतःच्या वापरापुरतं भरायला इथे परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. काडतुसं भरण्याचं यंत्र घ्यायचं हे ठरलं. कोणतं, ते पुढे बघू.

२१ जानेवारी
एक पौंड शिशाचे नळीत नेमके बसतील असे सारखे गोळे केले तर ते किती होतात, तो आकडा म्हणजे गेज. १६ गेजचा गोळा म्हणून बरोबर एक औंसाचा, आणि नळीचा व्यास ०.६६२ इंच. एक औंस छर्रे ती अगदी सहज फेकते.

इतकी समतोल बंदूक मागे पडली यामागे स्पर्धांच्या नियमांचा मोठा हात आहे. अमेरिकेतल्या स्कीटमध्ये १२, २०, २८ आणि .४१० असे चार गट झाले. १६ ला स्वतःचा गट मिळाला नाही. स्पर्धक वळले नाहीत, म्हणून कारखान्यांनी हात आखडता घेतला. पुढे २० गेजची तीन इंची काडतुसं आली आणि शिकाऱ्यांनाही १६ ची निकड उरली नाही. माझ्या यंत्राचा प्रश्न इथूनच सुरू होतो. यंत्र एकदा मिळेल, पण त्याला लागणारा माल वर्षानुवर्षं मिळत राहायला हवा.

२ फेब्रुवारी
बंदूक गनस्मिथकडे नेली. युद्धापूर्वीच्या पुष्कळ १६ गेज बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं ७० ची. काडतुसाची लांबी उडाल्यानंतरची धरतात. न उडालेलं ७० चं काडतूस आखूड चेंबरमध्ये विनातक्रार बसतं, आणि धोका तिथेच आहे. घडीचं तोंड उघडलं की ते पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो.

त्यांनी मोजून सांगितलं: सत्तर. माझ्या समोर, माप लावून. जुनी १६ गेज घेणाऱ्याने हे करून घेतल्याशिवाय एकही गोळी उडवू नये.

९ फेब्रुवारी
आज फक्त सामानाचा विचार. रिकामी पुंगळी, प्रायमर, दारू, वॉड आणि छर्रे, एवढ्या पाच गोष्टी. भरण्याचं प्रमाण दारूच्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून छापतात, आणि ते त्या पाचांच्या नेमक्या जोडीपुरतंच खरं असतं. वॉड दुसऱ्या कंपनीचा घातला की दाब बदलला. १२ गेजला अशी छापील प्रमाणं भरपूर, १६ ला थोडी. म्हणून उलट क्रमाने निघाले. आधी मिळणारी पुंगळी, मग तिच्यासाठी छापलेलं प्रमाण, मग त्यात सांगितलेला वॉड. तो वॉड हाती आल्यावरच पुढे.

पुंगळीच्या तोंडाला सहा घड्या आहेत की आठ, हेही पाहून ठेवलं. घडी घालणारा भाग त्याप्रमाणेच लागतो.

२२ फेब्रुवारी
आता यंत्रं. त्यातले दोन मोठे निर्माते आमच्याच राज्यातले, मेव्हिलची मेक आणि हार्टफर्डची ली.

लीचं लोड-ऑल स्वस्त आणि सुटसुटीत. १२, १६ आणि २० गेजमध्ये मिळतं. पुंगळीचा धातूचा बुडखा मूळ मापावर आणायला त्यात एक पोलादी कडी आहे. कधीमधी भरणाऱ्याला पुरेसं.

मेकचं ६०० ज्युनियर मजबूत, आणि जुनीसुद्धा चालू स्थितीत सापडतात. त्याच कंपनीचं साइझमास्टर एक पायरी पुढे आहे. त्यात बुडख्याला चहूबाजूंनी आवळणारी बोटं आहेत आणि प्रायमर आपोआप पुढे येतो. ऑटो-५ मध्ये प्रत्येक बारानंतर नळी मागे सरकते आणि पुढचं काडतूस बंदूकच आत घेते. फुगलेला बुडखा तिथे अडकतो. माझ्यासाठी हा मुद्दा निर्णायक.

पॉन्सनेस-वॉरनच्या यंत्रात पुंगळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका साच्यातच राहते. काम सुरेख, किंमतही तशीच.

दांडी ओढली की दर वेळी एक भरलेलं काडतूस देणारी प्रोग्रेसिव्ह यंत्रं मी बाजूला ठेवली. दर आठवड्याला शेकड्यांनी उडवणाऱ्याला ती हवीतच. त्यात एकाच वेळी निरनिराळ्या टप्प्यांवर अनेक पुंगळ्या असतात, लक्ष सगळीकडे ठेवावं लागतं. दुर्मिळ पुंगळ्या आणि मोजके वॉड हाती असताना मला एकेक काडतूस डोळ्यांखालून जायला हवं आहे.

१ मार्च
बाबांचा फोन. रत्नागिरीला त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बारा बोअर आहे, रानडुकरांसाठी. “अगं, काडतुसं घरी भरतेस? इथे असं काही करता यायचं नाही!” खरंच आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. ते दुकानातून घेतात आणि हिशेब ठेवतात. मग आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निघाली: आधी दारू, मग बूच, मग छर्रे, शेवटी टोपी. “ठासताना बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त,” बाबा म्हणाले. ती शिस्त मी माझ्या टेबलापाशी लावून घेणार आहे.

१५ मार्च
साइझमास्टर घेतलं, १६ गेजचं, वापरलेलं. घेण्याआधी दांडी सैल नाही ना, बोटं झिजलेली नाहीत ना, दारू मोजणारी पट्टी आणि तिचं बुशिंग जागेवर आहे ना, ते पाहिलं. कंपनी सुट्या भागांची यादी देते आणि भागही विकते, हे आधी विचारून घेतलं होतं.

२९ मार्च
बुशिंगवरचा आकडा आणि तक्त्यातलं वजन यांवर विसंबायचं नाही. दांडी ओढण्याच्या जोरानेही दारू कमी-जास्त पडते. प्रत्यक्ष पडलेली दारू तराजूवर पुन्हा पुन्हा तोलली, छापील प्रमाणाशी जुळली, मगच पहिली पुंगळी भरली. दारू मूळ डब्यातच, टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची. शिशाला हात लागल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. खोक्यांवर प्रमाण आणि तारीख लिहिली.

१२ एप्रिल
हलक्या गोळ्यांसाठी नळीखालच्या स्प्रिंगवरची रिंग वेगळ्या जागी बसवून मैदानावर गेले. बंदूक न अडखळता चालली, पुंगळ्या गवतातून वेचून आणल्या.

तिथे एका तरुण सभासदाने विचारलं, त्याच्या २८ गेजला कुठलं यंत्र घ्यावं. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आहे. स्कीटमुळे २८ चा माल टिकून आहे, आणि तो गोळ्याही खूप उडवतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत प्रोग्रेसिव्हचा विचार रास्त ठरेल. लोड-ऑल त्या गेजमध्ये येत नाही. पण क्रम त्याच्यासाठीही हाच: चेंबर मोजून घे, पुंगळी आणि वॉड कुठून मिळणार ते ठरव, छापील प्रमाण शोध, महिन्याला किती उडवतोस ते बघ. एवढं झाल्यावर दोन-तीनच यंत्रं उरतात. त्यातलं ज्याचे सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील, ते घे.