भुलेश्वरचे ताट आणि एक चिठ्ठी

मुंबईत काळबादेवी रस्त्यावरून भुलेश्वरकडे वळले की व्यापाराचा गलबला आणि फोडणीचा वास एकमेकांत मिसळू लागतात. मुळजी जेठा मार्केट, मंगळदास मार्केट, झवेरी बाजार यांच्या आसपासच्या गल्ल्यांत परगावच्या व्यापाऱ्याला मालाबरोबर कांदा-लसणाविना जेवणही मिळते. खरेदीसाठी येणाऱ्या जैन कुटुंबांना हा भाग म्हणूनच कधी परका वाटत नाही. पाटीवर ‘जैन’ हा शब्द दिसला की निश्चिंत होऊन ताटावर बसायचे, ही पिढ्यांची सवय.

सांगलीच्या एका कापड व्यापारी कुटुंबाला मात्र गेल्या मार्गशीर्षात ही सवय बाजूला ठेवावी लागली. लग्नसराईच्या खरेदीसाठी आजोबा, सून आणि नऊ वर्षांची नात महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरली. नातीला शेंगदाणा, काजू आणि पिस्ता यांची अ‍ॅलर्जी आहे. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात ‘पूर्ण जैन’ म्हणून वाढलेल्या पनीरच्या भाजीचे तिने दोनच घास खाल्ले आणि पंगत उठायच्या आत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. इस्पितळ जवळ होते म्हणून निभावले. त्या भाजीत कांदा नव्हता, लसूण नव्हता, बटाटाही नव्हता. रस्सा दाट करण्यासाठी काजू वाटून घातले होते.

येथेच खरी गोम आहे. कांदा वगळला की रश्श्याला अंग येण्यासाठी दुसरे काहीतरी लागतेच. ते बहुधा काजू, मगज किंवा शेंगदाण्याचे कूट असते. गुजराती पद्धतीच्या गोडसर तूरडाळीत अख्खे शेंगदाणे पोहत असतात, भरल्या भाज्यांच्या सारणात कूट असते, हिरव्या चटणीतही ते असू शकते. मिठाईवर पिस्त्याचे काप म्हणून जे पसरलेले असते, ते कधी हिरवा रंग दिलेले शेंगदाणेही निघतात. लसणाऐवजी सढळ हाताने वापरला जाणारा बांधानी हिंग गव्हाच्या पिठात वळलेला असतो. ज्याला गहू चालत नाही, त्याला फोडणीतूनच त्रास व्हावा. ‘जैन’ या शब्दाने यातल्या एकाही गोष्टीची हमी मिळत नाही आणि तो शब्द त्यासाठी जन्मलेलाही नाही.

आजोबांना, म्हणजे अण्णांना, प्रारंभी हे सारे नव्या काळाचे फॅड वाटत असे. “आमच्या वेळी कोणाला दाण्याने काही होत नसे,” हे वाक्य घरात अनेकदा ऐकू आले होते. प्रवासात खाऱ्या दाण्यांची पुडी घेतल्याशिवाय ते गाडीत पाऊल ठेवत नसत. लग्नातल्या त्या प्रसंगानंतर ते वाक्य थांबले. पुडी मात्र खिशात राहिली.

दिवसभर थान उलगडण्यात आणि भाव ठरविण्यात गेला. नातीसाठी सांगलीहून आणलेला डबा दुपारीच संपला. मार्गशीर्षात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि अण्णांचा रात्रीभोजनत्याग चाळीस वर्षांचा. पाच वाजता तिघे पहिल्या भोजनालयात शिरले. सुनेने विचारताच वाढप्याने अर्धे वाक्यही पुरे होऊ दिले नाही. “काळजी नको ताई, सगळं जैन आहे.” काजू आहेत का, हा प्रश्न तिने पुन्हा विचारला, तेव्हा उत्तर आले, “थोडे असतील, बाजूला काढून देऊ.” ती उठली. गल्ल्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती. अण्णाही क्षणभर अवघडले. भरल्या पानावरून उठणे त्यांच्या संस्कारात बसत नव्हते.

काजू बाजूला काढून भागत नाही, हे त्या वाढप्याला कोणी सांगितले नसावे. अ‍ॅलर्जी पदार्थातल्या प्रथिनाची असते. ते भाजल्याने वा तळल्याने जात नाही, आणि एकाच डावाने दोन भाज्या ढवळल्या तरी दुसरीत उतरते. जैन घराला ही कल्पना खरे तर अवघड वाटू नये. वेगळे भांडे, वेगळा पळा, वेगळी कढई यांचा विवेक तेथे आधीपासून आहे. फरक एवढाच, की व्रतात अजाणता झालेल्या चुकीला प्रायश्चित्त असते.

कायद्याचा आधारही येथे तोकडा आहे. भारताच्या 2020 च्या लेबल व प्रदर्शनविषयक नियमांनी शेंगदाणा, सुकामेवा, दूध, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्ये आदींची सूचना वेष्टनावर आवश्यक केली. पण खाद्यगृहांपैकी ती केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्यांनाच लागू आहे. भुलेश्वरची एकखांबी भोजनालये त्याबाहेर राहतात. तीळ आणि मोहरी तर आपल्या यादीतच नाहीत. ब्रिटनच्या चौदा घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. तेथे 2016 मध्ये पावाच्या कणकेतल्या तिळाने एका पंधरा वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्यानंतर दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यावरही सर्व घटक छापणे 1 ऑक्टोबर 2021 पासून इंग्लंडमध्ये सक्तीचे झाले. आपल्याकडे अजून तोंडी विचारण्यावरच सारी भिस्त.

दुसरे भोजनालय गल्लीच्या आत, जिना चढून वर होते. येथे सुनेने बोलणे टाळले आणि पर्समधून एक चिठ्ठी काढली. मराठी, हिंदी व गुजराती अशा तीन भाषांत चारच ओळी : या मुलीला शेंगदाणा, काजू, पिस्ता चालत नाही, त्यांचे तेल, कूट, वाटणही नाही, त्यांना लागलेला डावही नाही, खाल्ल्यास जिवाला धोका आहे. त्याच पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन होते. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसे द्यायचे, हे ती शिकून आली होती.

चिठ्ठी आत गेली आणि थोड्या वेळाने हात पुसत स्वतः महाराज बाहेर आले.

“बेन, खरं सांगतो. डाळीत शिंगदाणा आहे, दोन्ही भाज्यांत काजू आहे, फरसाण त्याच तेलात तळलंय. मिठाईला तर हात लावू नका. पण पंधरा मिनिटं देत असाल तर मूग डाळ आणि दुधी वेगळ्या तपेलीत करून देतो. तेल कपाशीचं आहे, डबा दाखवतो.”

अण्णांनी घड्याळाकडे पाहिले. साडेपाच होत होते. “करा,” ते म्हणाले, “आणि माझंही तेच करा.”

तपेली धुतल्याचा आवाज बाहेर येत होता. फुलके, भात, हिंग-जिऱ्याच्या फोडणीची मूगडाळ, दुधी, आणि बाटलीतले नव्हे तर ताज्या लिंबाचे पिळलेले सरबत. मुलीने पहिला घास घेतला तेव्हा आईचे लक्ष तिच्या ओठांकडे होते. तिसऱ्या फुलक्यानंतर तिने स्वतःच्या पानाला हात लावला. सहाला पाच कमी असताना अण्णांनी पाणी पिऊन हात जोडले. बिल नेहमीच्या थाळीपेक्षा कमी निघाले, तेव्हा अण्णांनी पूर्ण दोन थाळ्यांचे पैसे ठेवले. महाराजांनी ते परत केले आणि त्याऐवजी ती चिठ्ठी मागितली. भट्टीजवळच्या भिंतीवर लावायची म्हणाले. सुनेकडे दोनच होत्या. एक तिने दिली.

रात्री स्टेशनवर नेहमीच्या दुकानापाशी अण्णा सवयीने थांबले. दुकानदाराने न विचारताच कागदाचा शंकू वळायला घेतला होता. अण्णांनी मान हलवली आणि अर्धा डझन केळी घेतली.