शेततळं फुटलं तर भरायचं कोणी?

आता दर चार बांधांमागं एक शेततळं दिसतंय. कागद किती मायक्रॉनचा, खोली किती, यावर आपण तासभर बोलतो. पण तळं फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं तर भरायचं कोणी, हे कोण विचारतच नाही. मग वेळ आली की एकच सूर, तलाठ्याला बोलवा. अहो, सरकारी मदत पाऊस, गारपीट असल्या आपत्तीची. शेजाऱ्याच्या तळ्याचं पाणी त्यात कसं बसणार? तिथं दिवाणी कायदा लागतो. वकील त्याला अपकृत्य म्हणतात. करार मोडलेला नसला, फौजदारी गुन्हा नसला, तरी एकाच्या वागण्यानं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते पैशात भरून द्यायचं.

जानेवारीत आमच्या भावकीतल्या तात्यांचं तळं फुटलं. खाली माझा 20 गुंठे कांदा, लागण होऊन पंधरा दिवस. निम्मी रोपं वाहून गेली, उरलेल्यांवर मुरमाचा थर. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, त्यामुळं देवाला मध्ये आणायची सोय नव्हती. तात्या म्हणाले, "मी काय मुद्दाम फोडलं का?"

मुद्दाम असायला लागत नाही, इथंच बहुतेकांची गल्लत होते. इंग्लंडात एका गिरणीवाल्यानं पाण्याचा साठा बांधून घेतला. तळाशी जुन्या खाणीचे बुजलेले मार्ग होते, त्यातून पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. काम ठेकेदाराचं, मालकाला काहीच माहीत नव्हतं. तरी 1868 साली तिथल्या वरच्या कोर्टानं भरपाई मालकावरच टाकली. सुटली तर नाश करील अशी वस्तू साठवली, तर जोखीम साठवणाऱ्याची.

आपल्याकडं मात्र हा नियम सरसकट चालत नाही. मद्रास इलाख्यात एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं. 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं, इथं शेतीच तलावावर चालते, ते राखणं हे जमीनदाराचं पिढीजात कर्तव्य, म्हणून निष्काळजीपणा दिसल्याशिवाय भरपाई नाही. रेल्वे हरली. मला हा निकाल पटतो. पण तो गावाच्या उपयोगाचा तलाव होता, तात्यांचं तळं त्यांच्या एकट्याचं. तरी वकिलांनी सल्ला दिला तो असा, की वाद घालत बसू नका, निष्काळजीपणाच दाखवा.

त्याला जवळचा दाखला कर्नाटकातला, 1987 चा. साखर कारखान्यानं मातीच्या बांधात मळी साठवली होती. उंदरांनी बांध पोखरला, तो फुटला आणि मळी शेजारच्या भातात, उसात शिरली. हायकोर्टानं कारखान्याला जबाबदार धरलं. बिळं उंदरांनी पाडली, पण बांध राखायचं काम कोणाचं?

तात्यांच्या भरावात घुशीची बिळं मी दिवाळीनंतरच पाहिली होती. फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. उत्तर आलं, "बघू सवडीनं." माझ्या मते अख्ख्या प्रकरणात या दोन शब्दांइतकं वजनाचं दुसरं काही नव्हतं. धोका माहीत होता, सांगितलेला होता, आणि हात लावला नाही.

पाणी ओसरायच्या आत मी दोन पंच बोलावले. फुटलेल्या जागेचे, बिळांचे, पाण्याच्या वाटेचे फोटो काढले. नुकसान डोळ्यानं "बरंच" दिसतं, पण कोर्टात "बरंच" चालत नाही. पाच ठिकाणी चौरस मीटर आखून जिवंत रोपं मोजली. रोपांची, खताची पावती आणि मजुरीची वही एकत्र ठेवली. आणि रान तसंच पडू दिलं नाही, वाचलेल्या वाफ्यांतला गाळ काढला. स्वतः हात बांधून बसलात तर वाढलेलं नुकसान समोरच्याकडून मिळत नाही.

दावा लावायची वेळ आली नाही. नोटिशीचा मसुदा वाचून तात्यांचा मुलगा आला, म्हणाला, "दादा, बसून मिटवू." रोपं, पुन्हा लागणीची मजुरी आणि गाळ काढायला जेसीबीचे तास त्यांनी दिले. लागण उशिरा झाल्याचं नुकसान मी सोडलं, कारण ते रुपयात सिद्ध करणं अवघड होतं आणि बांध तर रोजचाच आहे. सगळं कागदावर घेतलं, दोघांच्या सह्या, पंचांच्याही. सांडवा मोठा करायचा आणि दर पावसाळ्याआधी भराव तपासायचा, ही दोन कलमं माझ्या आग्रहानं घातली. ज्यांचं स्वतःचं तळं आहे त्यांनी भरावाला एक फेरी मारून या, बिळं खालच्या अंगाला, गवतात असतात.